युद्धबंदी, पुल्लिंगी

कोर्टाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून माझं टेबल.
पानामागे तीस रुपये.
वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं, नावातले बदल,
एकदा तर हरवलेल्या म्हशीसाठीही बडवलंय.
परदेशातल्या युद्धासाठी कधीच नाही.

नरसम्मा दुडम, वय अडुसष्ट, धंदा विड्या वळणे,
राहणार कुंभारीचं घरकुल.
मांडीवर सूप नाही तरी बोटं वळतच असतात.
मुलगा श्रीहरी. चाटला गल्लीतल्या एजंटाने नेला,
आधी टॉवेलच्या कारखान्यात फिटर होता,
मग कुठल्याशा वाळवंटात, परक्या फौजेच्या छावणीत,
कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करायला.
एका रात्री यंत्राजवळूनच उचलला.
खिशात पाना, आणि कुणाचा तरी फोन नंबर.

हत्तुरे वकील सांगतात, मी टाइप करतो.
सबब अर्जदार विनंती करते की,
इथे ते थांबतात. चष्मा पुसतात.
'गुन्हेगार म्हणावं तर आरोप पाहिजे.
युद्धबंदी म्हणावं तर युद्ध पाहिजे, रीतसर जाहीर केलेलं.
दोन्हीच्या मधे त्यांनी एक खोली काढलीय,
तिला दार आहे, नंबर नाही.'
टाइप करू?
'नको. हे तुला सांगितलं.'
आरोपाच्या रकान्यात मी निरंक लिहितो.

अकरा वर्षांत एकच पत्र.
वरपासून खालपर्यंत काळ्या पट्ट्या,
मधे दोन वाक्यं कुणीतरी वाचून सोडून दिलेली:
इथला टॉवेल आपल्या एमआयडीसीचा आहे. काठ ओळखला मी.
नरसम्माने ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलंय.
'टॉवेल पोचला ना,' म्हणते, 'मग रस्ता आहेच की.'

परवा बातमी आली, युद्धबंदी झाली.
झेंड्याची घडी घालताना दाखवली,
शेवटच्या विमानाचं पोट बंद होताना दाखवलं.
मी आपला मराठी टाइप करणारा, मला तिथेच ठेच लागली.
युद्धबंदी झाली, म्हणजे थांबलं.
युद्धबंदी झाला, म्हणजे अडकला.
एका वेलांटीचाही फरक नाही.
ती झाली एकदाची.
श्रीहरी तर तोसुद्धा झाला नव्हता.

'लढाई थांबली की सोडावं, असं कायदा म्हणतो,' हत्तुरे.
'पण कुठली लढाई, ते लढणारा ठरवतो.
फौज घरी गेली म्हणून शत्रू संपला असं कुठं आहे?'
ते चहा सांगतात. तीन, त्यातला एक बिनसाखरेचा.

माझे आजोबा तीस सालच्या मार्शल लॉचं सांगायचे.
मे महिना, ऊन, कोण कुठं उभं होतं,
कुणाच्या डोक्यावरची टोपी कशी उडवली, सगळं.
उठला कधी, असं विचारलं
की अडकित्ता शोधायला लागायचे.

नरसम्मा म्हणते, 'हिशेब कर रे.
दिवसाला हजार विड्या, अकरा वर्षं.
छाट वगळ. कारखाना बंद होता ते महिने वगळ.
सणाला मी बसले नाही, तेही वगळ.'
कॅल्क्युलेटरवर तेहेतीस लाखांच्या आसपास येतं.
'घाल अर्जात. त्या साहेबाला तारखा कळत नसतील,
विड्या कळतील.'
हत्तुरे मान हलवतात, याला पुरावा म्हणत नाहीत बाई.
मी परिशिष्ट 'ब' टाइप करून मोकळा होतो.

दुपारी फाटकातली गर्दी ओसरते.
निंबाची बारीक पानं टेबलावर पडतात,
ती एकेक उचलून कडेला ठेवते, आकाराने लावून.
'अयिपोयिंदा?' विचारते.
संपलं का. अर्जाचं म्हणते की त्या दुसऱ्याचं,
कळायला तेलुगू माझी तेवढी चांगली नाही.
हत्तुरे वरच्या मजल्यावर दुसऱ्या पुकाऱ्याला गेलेत.

तारखेच्या जागी मी नुसती टिंबं सोडलीत.
अंगठा पुढे धरून बसलीय नरसम्मा,
तंबाखूने पिवळा, रेषा झिजलेला.
कुठं लावू, म्हणते.
पान अजून मशीनमध्येच आहे.