माग बंद केल्यावर

आमच्या नीलम नगरच्या शेडमध्ये
जमीन रोजच हलते.
चोवीस माग, दोन पाळ्या.
चहा खाली ठेवला तर
कपात गोल रेघा उठतात,
आम्ही साय फुंकून पितो.

म्हणून किल्लारीच्या त्या पहाटे
रातपाळीत कुणाला काही कळलंच नाही.
बल्ब झुलताना पाहून
नरसय्या मुकादमानं मेन खटका पाडला.
माग थांबले.
जमीन थांबली नाही.

हे मी राजमणीला फोनवर सांगतो.
माझी धाकटी, कॅम्पबेल बेला नर्स.
दुपारभर तिथे रेंज नसते.
ती म्हणते, नान्ना, इथे कधी कधी
समुद्रच आधी मागे जातो,
मासे वाळूवर उघडे तडफडतात
आणि नवखी माणसं पिशव्या घेऊन खाली धावतात.
जुन्या बाया भोंग्याची वाट बघत नाहीत.
पायाखाली हललं की टेकडी.
तिनंही चपला दाराशी ठेवल्यात,
तोंडं टेकडीकडे.

मी समुद्र पाहिलेला नाही.
कंबर तलाव पाहिलाय, जलपर्णीसकट.
या आठवड्यात टॉवेल चाललेत
कुठल्याशा बेटावरच्या हॉटेलचे:
पांढरं अंग, निळा काठ.
पुसतील कुणी ओले पाय.

मघाशी धोटा पेटीत गेला
आणि क्षणभर आलाच नाही परत.
ताणा तसाच ताठ, मधे रिकामं.
चाळीस वर्षं माग चालवलेला मी,
धागा बघायचा सोडून
बल्बाकडे बघत होतो.