वजा, अधिक

चांदिवलीच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर,
गुरुवारी जेवणानंतर तीन टूल पडद्यावर मांडली गेली,
साड्यांच्या दुकानात मांडतात तशी:
हे बघा, हे बघा, हे जरा महाग पण टिकाऊ.

काम साधं. कालची फाईल आणि आजची फाईल
शेजारी शेजारी ठेवायच्या,
काय गेलं, काय आलं, ते कळायला हवं.

मेहेरनोशला हवं होतं जुनंच, काळ्या खिडकीतलं.
"फुकट आहे, मरत नाही."
तांडेल म्हणाली, कोणी नुसत्या मोकळ्या जागा सरकवल्या
तरी आठशे ओळी बदलल्याची बोंब मारतं ते.
महागड्याला तीन खिडक्या होत्या:
तुझं, माझं, आणि भांडणाआधीचं.
ते मला आवडलं.
भांडणाआधीचं असं जपून ठेवलेलं
कुठे मिळतं एरवी.

मग ग्रेसियाने तिचं उघडलं. सगळ्यांनी वा केलं.
स्वच्छ. समासात वजा नाही, अधिक नाही,
फक्त रंग.
"लाल ते गेलं, हिरवं ते आलं. लहान मूलही सांगेल."

मी लहान मूल होतो तेव्हा
आईने मरोळच्या बाजारात टोमॅटो आणायला पाठवलं,
किलोभर कच्चे घेऊन आलो.
तिने चटणी केली. काही बोलली नाही.
पुढच्या वेळी पिशवी देताना म्हणाली, दाबून बघत जा.

तेव्हापासून दाबून बघतो.
साकीनाक्याला वरचा दिवा म्हणजे थांब, खालचा म्हणजे निघ.
आणि सहा वर्षं कोडमध्ये
समासातली एवढीशी आडवी रेघ
नाहीतर तिला छेदणारी उभी,
तेवढ्यावर लोकांच्या चुका पकडल्या.
"पागधरेची नजर" म्हणतात इथे.

पडद्यावर दोन पट्टे. दोन्ही
चहा सांडून वाळलेल्या कागदासारखे.
मतं मोजायला घेतली. हात वर जात होते.
माझाही अर्धा गेला.

"मला यातलं काही कळत नाहीये."
मेहेरनोश म्हणाला, "झूम करू?"
"झूमचं नाही रे."

कोणीतरी डब्याचं झाकण लावलं.
ग्रेसिया काही न विचारता सेटिंगमध्ये शिरली,
इतका वेळ शोधत राहिली
की मला वाटलं विसरली,
तांडेल तर फोन घ्यायला बाहेरही गेली.
मग एक पट्टा निळा झाला. दुसरा नारिंगी.
"आता?"

आता.

सोमवारी तो बदल माझ्याकडेच आला मंजुरीला.
दोन ओळी गेलेल्या, दोन आलेल्या.
खाली तिची टीप: रंग बदलले. चिन्हं परत लावली, असू देत.
मंजूर केलं.
त्याआधी, उगाच,
निळ्या ओळीवर बोट ठेवून
पडदा जरा दाबून पाहिला.