सिसानाचा लॅपटॉप

बद्री म्हणतो, "आठ जीबी पुरे, मावशी,
डिस्क मात्र नवी हवी."
सिसाना मान हलवते,
दातांच्या डॉक्टरपुढे हलवते तशी.

त्बिलिसीतलं तळघरातलं दुकान,
सगळ्या पडद्यांवर एकच डोंगर.
चारशे लारी. बिजागरी ढिली.
ती झाकण तीनदा उघडते, मिटते,
जन्मभर शिवणयंत्राचं उघडलं तसं,
कान लावून.

"हा नको. थकलाय."

मग एक जाडजूड, करडा,
कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला.
कळा खोल, बोटाला कळतील अशा.

"यात माझी लेक पूर्ण मावेल का?
थेसालोनिकीत परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते.
फोनात नुसतं कपाळ येतं तिचं."

बद्री आकडे विसरतो.
बाहीनं कॅमेरा पुसतो,
पुन्हा एकदा पुसतो.