मागे कोण बसतं?

एकोणीस वर्षं पिवळ्या मडगार्डामागे काढली,
म्हापशाच्या स्टँडवरचा पायलट मी, नंबर सात.
जुनीचं इंजिन बसलं तेव्हा
मेस्त्री म्हणाला, आता हिला नारळ दे.

करासवाड्याचं शोरूम सगळं काचेचं.
आत शिरण्याआधी मी पायरीवर चपला झाडल्या
आणि त्या झाडण्यावरूनच
मिथिल चोडणकरने माझी ऐपत मापली.
वाईट विक्रेत्याची नजर वाईट नसते,
फार चांगली असते.

सर म्हणाला. तासाभरात चाळीस वेळा तरी.
मी ॲव्हरेज विचारलं, त्याने पिकअप सांगितला.
मी किंमत विचारली, त्याने हप्ता सांगितला.
मी हप्त्याचं व्याज विचारलं,
त्याने थंडगार लिंबूसोडा मागवला.
कागदाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
'हँडलिंग' म्हणून अठराशे रुपये दबा धरून बसलेले.
म्हटलं, हँडल तर गाडीला आहेच की!
तो हसला. हसणं मात्र खरं होतं,
तेवढं मी मान्य करतो.

सोडा पोटात गेला, पेन हातात आलं,
तेवढ्यात हेल्मेटांच्या ढिगाआडून एक मुलगी उठली.
छातीवरच्या पट्टीवर सुलक्षा आमोणकर.
नवी असावी. सर म्हणाली नाही, काकाही नाही.
विचारलं,
"तुमच्या मागे कोण बसतं?"

कोण बसतं?
शुक्रवारी मयड्याहून पिएदादबाय,
मांडीवर केळ्यांची पाटी, एक गुडघा वाकत नाही.
पेन्शनच्या दिवशी घोटगे मास्तर,
पडतील पण माझा खांदा धरणार नाहीत.
कधी तापलेलं पोर आणि त्याची आई,
दोघांचं मिळून एक भाडं.
सांगत गेलो. मधे तिचा फोन वाजला,
तिने तो पालथा घातला.

मग पर्समधून शिंप्याची टेप काढून
तिने त्या लाल गाडीची मागची सीट मापली.
"ही घेऊ नका. पिएदादबाय चढायची नाही."
मिथिलने टायची गाठ सैल केली.
कोपऱ्यातली काळी, बुटकी गाडी तिने पुढे ओढली,
चौदा हजारांनी स्वस्त,
आणि वर म्हणाली, "आल्तिनोच्या चढावर ही कण्हते. ऐकून घ्यावं लागेल."

आपल्याच मालातलं वाईट सांगणारं माणूस
बाजारात मी आधी एकच पाहिलं होतं.
पिएदादबाय. ती म्हणते,
ही फणी आज नको रे, परवा ने.

बोडगेश्वराला नारळ फोडला.
हा देव रात्रभर चालून वहाणा झिजवतो म्हणतात,
त्याला गाडीचं काय कौतुक?
तरी फोडला.

पहिल्या सर्व्हिसिंगला गेलो तर सुलक्षा नव्हती.
टार्गेट भरलं नाही,
तिलाही नारळ मिळाला होता.
बिलावर विक्रेता म्हणून नाव मिथिलचं.

मग एका रात्री, अकरा वाजून गेलेले,
बस्तोड्याच्या वळणावर गाडी गपगार.
बिलावरचा नंबर फिरवला, उचलेल असं वाटलं नव्हतं.
वीस मिनिटांत आला, अर्ध्या चड्डीत, तोंडात टॉर्च धरून.
गुडघ्यांवर बसला, हात काळे केले,
प्लगचं टोपण बसवलं. पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, "चालू झाली, सर."
एक्केचाळिसावं सर. हे मला आवडलं.

विचारलं, ती पोर कुठे असते?
"थिवीला, औषधांच्या दुकानात.
तिथेही गिऱ्हाईक परत पाठवते,
म्हणते गोळी नको, झोप काढा."
दोघं हसलो. मग तो थोडा उगाच उभा राहिला,
बोटांचं ग्रीस गवताला पुसत.

काल स्टँडवर एकजण आला,
पाठीवर डोंगराएवढी पिशवी,
कळंगुटचं किती घेणार म्हणाला.
आकडा जिभेवर आला, लिंबूसोड्यासारखा गोड,
आणि तो सांगण्याआधी
मी त्याच्या चपलांकडे पाहिलं.