बाकी दोन

विगनच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये सोळा बोर्ड ओळीने टांगलेत,
खाली बॅडमिंटनच्या पुसट रेषा,
भिंतीपलीकडे पोहण्याचा तलाव, त्याचा क्लोरिन
दिवसभर आमच्या सँडविचवर बसतो.
प्रेक्षक नाहीत. टीव्हीवर दिसतात ती माणसं,
मग उंचावणारी, केळ्याच्या वेशातली,
इथे फिरकत नाहीत. इथे येतात एकशे अठ्ठावीस जण,
मंगळवारी सकाळी, आपापली डबी खिशात घालून,
दाढ काढायला आल्यासारखे.

मी चौदा नंबरच्या बोर्डाची मार्कर.
हल्ली पडदाच वजाबाकी करतो,
तरी खडूचा एक तुकडा मी बाळगते.
एकवीस वर्षं पबच्या पाटीवर आकडे लिहिले;
बोटं पांढरी झाल्याशिवाय
खेळ झाला असं वाटत नाही.

पहिली फेरी. क्लिफर्ड डाउस, ग्रिम्सबी, वय अठ्ठावन्न,
पाठीवर गटारं साफ करणाऱ्या कंपनीची जाहिरात.
समोर येल्मर वीरस्मा, द्राख्तन, वय एकोणीस,
पाठ अजून कोरी.

पाच-पाच. शेवटचा लेग.

हा खेळ मला कधी कुणाला नीट समजावता आला नाही.
पाचशे एकापासून निघायचं
आणि जो आधी संपेल तो जिंकला.
माझ्या नवऱ्याचं पोस्टातलं खातं असंच होतं,
त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

डाउसला हवेत चाळीस. डबल वीस.
गोदीत मासळीच्या पेट्या उचलून
संध्याकाळी याच घरात शिरायचा तो, तीस वर्षं,
दार न ठोठावता.
पहिला डार्ट तारेबाहेर, काळ्या कडेत रुतला.
दुसरा आत गेला, जरा जास्तच आत. उरले वीस.
तिसरा दहात. उरले दहा.

पोरगा आला, एकशे वीस मारून गेला,
दुधाची पिशवी घेऊन परतावं तसा.

डाउस पुन्हा रेषेवर.
पाच. उरले पाच.
मग मुद्दाम एक, म्हणजे चार.
मग दोन.
उरले दोन.
शाळेत निमकी घोकावी तसा तो उतरत गेला,
निम्मं, निम्म्याचं निम्मं,
आणि येऊन थांबला डबल एकपाशी.
आमच्यात त्याला वेड्यांचं घर म्हणतात.
तिथे कुणी हौसेने राहायला जात नाही.

पोराला एकशे एकवीस.
साठ.
पंचवीस.
मग तो थबकला, जीभ ओठाच्या कोपऱ्यात,
गणिताच्या वहीवर वाकलेलं मूल जणू,
आणि छत्तीस.

मी बटण दाबलं. वीरस्मा सहा, डाउस पाच.
निकालाच्या कागदावर सरासरीही छापतात:
हरलेल्याची जास्त होती, अडीच गुणांनी.
उरलेल्या दोनांसाठी मात्र रकाना नाही.

डाउसने पोराशी हात मिळवला, मग माझ्याशी.
पंजा कोरडा, थंड. म्हणाला,
"पार्किंगचं मशीन कार्ड घेतं का हो?
सुटे संपलेत माझ्याकडचे."

पोरगा पुढच्याच फेरीत सहा-एकने गेला.
व्हेंडिंग मशीनला टेकून आईला फोन करत होता;
त्याची भाषा मला येत नाही,
आकडे तेवढे कळले.

संध्याकाळी विजेत्याचा फोटो निघाला.
कोण होता पाहिलं नाही, मी बोर्ड उतरवत होते.
सिसलचा धागा दमट हवेत फुगतो,
रात्रीतून भोकं आपली आपण मिटतात.
तारेबाहेरचंही मिटेल.
मी त्यावर खडूचं बोट टेकवून उभी राहिले
जरा वेळ, उगाच,
तोवर पोरं बॅडमिंटनची जाळी घेऊन आली.