शॉर्टब्रेडचा डबा

बत्तीस वर्षं माझ्या किचनच्या दाराशी
एक पत्र्याचा डबा होता,
झाकणावर हरिण, शिंगाचा रंग उडालेला.
आत यायचं तर त्यात मोबाइल टाकायचा,
मग हात धुवायचे, मग तोंड उघडायचं.
चाकू आणि फोन एका हातात नांदत नाहीत,
असं मी दर सप्टेंबरला सांगायचे
आणि डबा तासभर गुरगुरत राहायचा
गांधीलमाश्या कोंडल्यासारखा.

मग प्राचार्य फ्लेट म्हणाले, फोन बाहेर काढा.
बेटांवरची मुलं हिवाळाभर कर्कवॉलला येऊ शकत नाहीत,
ती घरीच चादरीचे कोपरे दुमडतील,
सॉस फाटला तर फाटलेला दाखवतील,
तुम्ही जेवणाच्या सुट्टीत बघून मार्क द्या.
मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत मी जेवते.

एरलेंडने पहिल्याच दिवशी
मटाराच्या सूपचे त्रेचाळीस फोटो पाठवले.
वरून, खालून, खिडकीच्या उजेडात, पुदिन्याच्या पानासकट.
तोवर सूप गार.
चाखलंस का, विचारलं मी, एका बोटानं, चष्मा कपाळावर ढकलून.
त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला.
आमच्या वेळी अंगठा
सही न येणाऱ्यांचा असायचा.

थोराचं वेगळं.
ती नॉर्थ रोनाल्डसेवर, मावशीच्या चार खोल्यांच्या गेस्टहाऊसमध्ये,
जिथे मेंढ्या दगडी भिंतीपलीकडे राहतात आणि समुद्रशेवाळ खातात,
जिथे वारा असला की विमान नाही
आणि वारा असतोच.
त्या संध्याकाळी दोन पक्षीनिरीक्षक अडकलेले, भुकेले,
मावशी अंथरुणात तापाने फणफणलेली,
आणि थोराच्या हातात तिच्या आयुष्यातला पहिला हॅडक.

तिने फोन पिठाच्या डब्याला टेकवला.
मला दिसत होतं छत, एक दिवा,
आणि मधूनच तिची हनुवटी.
बाई, काहीच दिसत नाहीये ना तुम्हाला?
नाही. पण राहू दे तसाच. लोणी टाक.

कितीदा सांगितलंय वर्गात, आणि कितीदा वाया गेलंय:
लोणी आधी बडबडतं.
त्यातलं पाणी जातं, तसतसा आवाज बारीक होतो,
मग ते गप्प बसतं.
ते गप्प बसलं की मासा, कातडी खाली.
क्षणभर उशीर केलास तर ते काळं पडेल, लाजेनं नव्हे.

आम्ही दोघी ऐकत राहिलो.
पंचवीस मैलांचा काळा समुद्र मध्ये,
माझ्या टेबलावर अर्धं सँडविच,
आणि फोनमधून तड तड, तड,
मग बारीक सरसर, जशी वाळूवरून लाट मागे सरते,
मग काहीच नाही.

आता, मी ओरडले. आता, थोरा!

काहीच नाही.
लोणी गप्प झालं होतं की नेटवर्क,
बत्तीस वर्षांच्या अनुभवाला सांगता येईना.
हरणाच्या डब्याकडे बघत बसले मी.
सगळ्यांचे फोन त्यात कोंडताना
हा आवाज मी कुणालाच नीट ऐकू दिला नव्हता,
डबा गुरगुरायचा ना मध्ये.

पावणेनऊला फोटो आला.
दोन ताटल्या, काटे, लिंबाची पिळलेली फोड,
पावाने पुसून घेतलेली एक पिवळी रेघ.
सगळं धुरकट. फोन बिघडला का, विचारलं,
तर म्हणाली, लेन्सवर लोणी उडालंय बाई,
पुसलं तर अजूनच पसरतंय.

कॉलेजच्या नव्या फॉर्ममध्ये
मांडणी, स्वच्छता, वेळ, सगळे रकाने भरले.
चवीचा तेवढा कोरा आहे.
फ्लेट दोनदा विचारून गेले.
शुक्रवारी बोट सुटली तर मी जाणार आहे,
माझा काटा घेऊन,
आणि त्या डब्यात, लग्नानंतर पहिल्यांदाच,
शॉर्टब्रेड भरून.