बेंकी लाइन

कणकुंबीच्या वर, माघ सरताना,
आम्ही सात जण पाला ओढतो.
बारा फूट रुंद, दीड मैल लांब,
एवढं रान उघडं करायचं,
माती दिसेपर्यंत.

ईराण्णा गार्ड पुढं, हातात चुन्याची पिशवी.
"इल्लिंद अल्लीतनका," म्हणतो,
मग आमच्याकडं बघून, "हितनं तितवर."
त्याचं मराठी कोयत्यासारखं, एकाच बाजूनं धारेचं.
तुटतं तेवढं पुरतं.

रानमोडी मुळासकट उपटायची.
तिचा वास हाताला चिकटतो,
दुपारी भाकरीलाही लागतो.
खात्यानं लावलेल्या अकेशियाखाली
पाला पोटरीपर्यंत.
कुजत नाही, वाळवी तोंड लावत नाही,
नुसता पडून असतो
कुणाच्या तरी विडीची वाट बघत.

माझा आजा, भागू झोरे,
ह्याच उतारावर कुमरी करायचा.
एक तुकडा भाजायचा, नाचणी पेरायचा,
मग बारा वर्षं तिकडं फिरकायचा नाही.
एकदा खात्यानं धरलं.
दंड भरायला दोन म्हशी गेल्या.
पावती आईनं पत्र्याच्या डब्यात ठेवली,
वरचं कन्नड
आमच्यात कुणालाच वाचता आलं नाही.

त्यानंतर उतार कुणी भाजला नाही.
पाला साठत गेला, साठत गेला,
आणि एका चैत्रात
तीन दिवस, तीन रात्री.
किंदळ उभे जळाले.
शेकरूचं घरटं पेटतं खाली आलं.
पावसानंतर जिकडं तिकडं
रानमोडीच.

आज ईराण्णानं काडेपेटी माझ्या हातात दिली.
"तुला वारा कळतो," म्हणाला.
मी चिमूटभर धूळ सोडली,
ती माथ्याकडं झुकली.
म्हणून काडी माथ्याकडनं लावली;
उतरणीला, वाऱ्याच्या तोंडावर
आग सावकाश चालते.
गुडघ्याखालीच राहिली,
म्हातारी म्हैस चरते तशी
खालचं खालचं खात गेली.
जनाबाईनं आवळ्याच्या रोपाभोवती
माती मोकळी करून ठेवलेली,
तिथं थबकली,
बाजूनं गेली.

संध्याकाळी मस्टर.
सही येते मला, पण हात असे,
म्हणून अंगठाच.
शाई लागली नाही, राखेनंच उमटला.
रकान्यात काय लिहिलंय? विचारलं.
"बेंकी कावलू. आगीची राखण."
गेल्या सालची मजुरी?
तो डोकं खाजवत राहिला.

मग मी आज्याच्या पावतीचं सांगितलं.
थोडा वेळ तो काहीच बोलला नाही.
बुटाच्या टोकानं एक निखारा मातीत दाबला.
"घेऊन ये," म्हणाला, "वाचतो."

उद्या आणीन डबा.
आज रात्री इथंच बसायचंय.
त्या जुन्या हिरड्याच्या ढोलीत
अजून काहीतरी धुमसतंय,
मी ओंजळ ओंजळ माती टाकते,
आणि कान लावून ऐकते.